साखराबाईच्या कानातला श्वास

माझी आत्या साखराबाई हिचा आवाज पूर्णा नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जायचा. हे मी कौतुकानं फुगवून सांगत नाही. जाफराबादच्या पुढं, नदीच्या वळणावर तिचं गाव आहे. तिचा नवरा, म्हणजे आमचे धुळाजीमामा, मेंढरं घेऊन पलीकडच्या माळावर गेलेले असले की आत्या अंगणाच्या कडेला उभी राहून नुसतं म्हणायची, "आवं, भाकरी झाली." आधी मेंढरं मान वर करायची, मग मामांचं पागोटं वळायचं. गावातले लोक म्हणायचे की साखराबाईच्या घरात मोबाईल ही फुकटची अडगळ आहे.

कुणाच्या घरी बारसं असलं की पाळणा म्हणायला तिला बोलावणं यायचं. हळदीला तर ती पोचल्याशिवाय गाण्याला सुरुवातच व्हायची नाही. गाणं नसेल तेव्हा बोलणं. ती चुलीशी बोलायची, शेळीशी बोलायची, ज्वारीत सापडलेल्या खड्याशीसुद्धा बोलायची. लहानपणी मी सुट्टीत तिच्याकडं राहायला जायचे तेव्हा जाग यायची ती तिच्या बोलण्यानं, आणि डोळे न उघडताच मला कळायचं की ती आता घराच्या कोणत्या कोपऱ्यात आहे.

अशी बाई एका हिवाळ्यात गप्प झाली. त्यातलं थोडं मी डोळ्यांनी पाहिलं, बाकीचं तिनं, मामांनी आणि त्यांची सून शीतल हिनं मला सांगितलं.

सुरुवात तापानं झाली. भादव्यात आत्याला टायफॉइड झाला आणि चांगला लांबला. एकदा उतरलेला ताप पुन्हा चढला, सलाईन लावावी लागली. उठली तेव्हा बाई निम्मी उरली होती. बांगड्या मनगटावर थांबेनात, हात वर केला की घरंगळत कोपरापर्यंत जायच्या. शीतलनं तिची झंपरं दोन्ही बाजूंनी टाके घालून आत घेतली. पण अन्न जायला लागलं होतं, म्हणून घरच्यांना वाटलं की आता संपलं एकदाचं.

दिवाळी तोंडावर आली तशी ती कामाला लागली. एका सकाळी गोठ्यामागं शेळ्यांना पाणी पाजत असताना तिला वाटलं की आपल्या पाठीशी कुणीतरी उभं आहे आणि श्वास घेतंय. मोठा श्वास, अगदी उजव्या कानाशी. ती वळली. मागं नुसती कुडाची भिंत होती. ती दोन पावलं सरकली तर श्वासही सरकला. घाबरून तिनं आपला श्वास रोखला, तर तोही थांबला. तिनं सोडला, तर त्यानंही सोडला.

"मंग मला उमगलं," ती मला नंतर म्हणाली, "की ह्यो दुसरा कोनी न्हाई, मीच हाय. पन मी माझ्याच कानात कशी काय शिरले, ते उमगंना."

तिनं शेळीला हाक मारली, तर हाक बाहेर जाण्याऐवजी डोक्यात फुटली. रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलावं तसा तिचा आवाज तिच्याच उजव्या कानात घुमला. काही अक्षरं तर सोसवेनात. 'म' आला, 'न' आला की कानाच्या आत कुणी हंड्यावर थाप मारल्यासारखं व्हायचं. आणि ज्या घरात मामा आहे, मेंढी आहे, नात आहे, त्या घरात 'म' आणि 'न' टाळून बोलायचं तरी कसं? तिनं बोलणंच कमी केलं. मग अगदी थोडं केलं. मग मान हलवण्यावर भागवायला लागली.

तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण काय सांगायचं ते तिला कळत नव्हतं. "माझा श्वास मला ऐकू येतो," असं म्हटलं तर लोक म्हणणार, मग काय शेजारणीचा ऐकू यायला पाहिजे?

त्याच दिवसांत शीतल बाळंत झाली. तिची थोरली मुलगी तीन वर्षांची होती, आता दुसरीही मुलगीच झाली. घरात तिला सगळे छकुली म्हणायला लागले. बारशाला गावातल्या बाया जमल्या, पाळणा सजवला, घुगऱ्या वाटल्या, आणि सगळ्यांनी साखराबाईकडं पाहिलं. सगळ्या गावाची बाळं जिच्या आवाजात पाळण्यात पडली, ती स्वतःच्या नातीच्या पाळण्याशी उभी होती. तिनं तोंड उघडलं, पहिला सूर लावला आणि कानावर हात दाबून ती खाली बसली. मग उठून स्वयंपाकघरात निघून गेली. पाळणा दुसऱ्या कुणीतरी म्हटला, तोही अर्धाच.

शीतल मला म्हणाली, "ताई, त्या दिवशी मी आत जाऊन लई रडले. थोरलीच्या टायमाला त्यांनी दुपारभर गाणी म्हणल्ती. मला वाटलं, दुसरी पोरगीच झाली म्हणून आत्याचं तोंड बंद झालं."

माझा आतेभाऊ सुग्रीव, शीतलचा नवरा, आईला एकदा सरळ विचारता झाला, "आई, तुला कशाचा राग आलाय का?" आत्यानं नकारार्थी मान हलवली. पण मान हलवून राग नाही असं कुणाला पटवता येतं? घरात सगळे एकमेकांशी जपून वागायला लागले.

मामांनी तिला जाफराबादला दवाखान्यात नेलं. तिथं तिनं कशीबशी तक्रार सांगितली ती अशी, "कान भरल्यावानी होतो, आवाज घुमतो." डॉक्टरांनी तिला झोपवून कानात पाहिलं. पडदा चांगला होता, मळ नव्हता. सर्दीनं कान दडला असेल असं समजून त्यांनी नाक मोकळं करायचे थेंब दिले आणि सर्दी सुकवायच्या गोळ्या दिल्या. तक्रार ऐकली तर कुणीही तेच दिलं असतं. आत्यानं थेंब नेमानं घातले आणि तो श्वास दुप्पट मोठा झाला. आता तो भाकरी थापतानाही यायचा, चालताना यायचा. उन्हातून दूरवर चालून आली की कानात लोहाराचा भाता चालल्यासारखा आवाज व्हायचा. आपलं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, असं तिला मनातून वाटायला लागलं. तिच्या माहेरची एक म्हातारी शेवटी अशीच एकटीशी पुटपुटत फिरायची. तिचीच आठवण आत्याला यायची.

गावाबाहेर बिरोबाचं ठाणं आहे. दार इतकं ठेंगणं की आत जाणाऱ्याला कमरेत वाकावंच लागतं. आत्या तिथं गेली, उंबऱ्यावर कपाळ टेकलं आणि त्याच क्षणी कानातला श्वास थांबला.

तिनं मला हे सांगितलं तेव्हाही तिच्या अंगावर काटा आला होता. "रेणुके, जसं कोनी दार लोटून घेतलं. एकदम शांत. महिन्यानंतर दिवसाउजेडी मला पाखराचा आवाज पाखरावानी ऐकू आला."

ती कपाळ टेकून तशीच राहिली. उठली तेव्हा थोडा वेळ शांत होतं, मग श्वास हळूच परत आला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ती उंबऱ्यावर इतका वेळ डोकं ठेवून राहायची की येणाऱ्या-जाणाऱ्या बाया थांबून बघायला लागल्या. शेजारच्या चांगुणाबाईनं निदान केलं की हे मौन आहे, देवानं साखराबाईला बोलणं सोडायला सांगितलंय. मग एक बाई नारळ घेऊन आत्याच्याच दारात आली आणि लेकीचं लग्न कधी जमेल ते विचारायला लागली. आत्या भिऊन घरात गेली, तिनं आतून कडी लावली. तिला एकीकडं वाटत होतं की देवानं खरंच हात ठेवलाय, आणि दुसरीकडं भीती होती की असलं काही आपल्या अंगावर आलं तर पेलायचं कसं.

गाठ सोडवली ती शीतलनं, आणि तीही न ठरवता.

छकुलीला रोज न्हाऊ घालायचं काम आत्याचं होतं. पाटावर बसायचं, पाय पुढं लांब करायचे, नडगीवर बाळाला पालथं घालायचं आणि ओणवं होऊन तेल-पाणी करायचं. मोरीला लागूनच शीतलची बाज होती. एक दिवस तिला झोपेतून जाग आली ती बोलण्यानं. आत्या बाळाशी बोलत होती. भरभरून, पहिल्यासारखी. नाकावरून पाणी गेलं म्हणून बाळाची माफी मागत होती, त्याच्या मामाच्या, म्हणजे शीतलच्या भावाच्या, नाकाची चेष्टा करत होती. शीतल उठून दारापाशी आली. आत्यानं तिला पाहून मान वर केली, आणि अर्ध्या शब्दावर थांबली. चेहरा आवळला. मग पुन्हा बाळावर वाकली आणि उरलेला शब्द पुरा केला.

शीतलला त्यात काहीतरी चमत्कारिक दिसलं. दुसऱ्या दिवशी तिनं जागी राहून पाहिलं. तसंच. वाकलेली असली की आत्या बोलायची, ताठ झाली की गप्प. निवडायला सूप घेऊन खाली मान घालून बसली की बोलायची, उठली की गप्प. आणि ज्या बाळावर तिचा राग आहे असं आपण समजत होतो, त्याच्याशीच ती सगळ्यात जास्त बोलत होती.

त्या दिवशी शीतलनं पोरीला मांडीवर घेऊन सासूला विचारलं, "आत्या, मान वर केल्यावर काय होतं तुमाला?"

इतके दिवस सगळ्यांनी तिला 'काय झालं' असं विचारलं होतं. मान वर केल्यावर काय होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. आत्यानं सूप बाजूला ठेवलं, खाली वाकली आणि वाकूनच सगळं सांगितलं. शेळीच्या गोठ्यापासून उंबऱ्यापर्यंत.

शीतलनं लगेच मला फोन केला. मी जालन्यात राहते, जुन्या जालन्यात, दाणाबाजाराच्या मागं. एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायचं काम करते. आमच्या कंपनीतल्या एका बाईच्या कानाचं ऑपरेशन डॉक्टर प्रियदर्शनी यांनी केलं होतं, म्हणून मला त्यांचं नाव माहीत होतं. मी म्हटलं, उद्याच घेऊन या.

मामांनी मेंढरं सुग्रीवच्या हवाली केली आणि आत्याला घेऊन जीपनं, मग एसटीनं जालन्याला आले. मी त्यांना स्टँडवरून रिक्षानं थेट दवाखान्यात नेलं. आत्या प्रवासात खिडकीशी डोकं गुडघ्यांत घालून बसली होती. दवाखान्यातल्या बाकावरही ती आडवी झाली. मला वाईट वाटलं, पण ती म्हणाली, "असं पडलं की बरं वाटतं गं."

डॉक्टर माझ्याच वयाच्या, चाळिशीच्या आतल्या. त्यांनी आधी काहीच तपासलं नाही. खुर्ची जवळ ओढून तापाची आणि जाफराबादच्या दवाखान्याची हकीकत ऐकली, मग विचारायला लागल्या.

"मावशी, कानात जो आवाज येतो, तो बाहेरचा येतो की तुमचा स्वतःचा?"

"माझा."

"बोलल्याचा, की श्वासाचा पण?"

आत्यानं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. "श्वासाचा बी."

"तोंडानं श्वास घेतला तर कमी होतो?"

"व्हतो."

"सकाळी उठल्या उठल्या नसतो, आणि उभं राहून काम केलं की येतो?"

"व्हय."

"आणि आडवं झालं, किंवा डोकं खाली घातलं, की एकदम बंद?"

 आत्याचे डोळे भरून आले होते. तिनं हळू आवाजात विचारलं, "बाई, तुमाला हे कोनं सांगितलं?"

"कुणी नाही सांगितलं. अशी माणसं माझ्याकडं येतात, मावशी. फार नाही, पण येतात. तुम्ही एकट्या नाही."

मी आत्याच्या शेजारी बसले होते. तिच्या खांद्यांतून काहीतरी उतरताना मला दिसलं. अजून औषध नव्हतं, निदानही नव्हतं. पण जगात आणखी कुणाला असं होतं, एवढंच तिला पुरलं होतं.

मग डॉक्टरांनी कानात दुर्बीण घातली. भिंतीवर छोटा टीव्ही होता, त्यात कानाच्या आतलं दिसायला लागलं. आधी अंधारी बोगद्यासारखी वाट, मग शेवटाला मोत्यासारखा फिकट, चकचकीत पडदा. डॉक्टरांनी आत्याला तोंड मिटून नाकानं श्वास घ्यायला सांगितला. पडदा स्थिर होता. पुन्हा घ्यायला सांगितला. काहीच नाही.  आत्यानं मामांकडं अशा नजरेनं पाहिलं की बघा, हितं बी दिसंना.

डॉक्टर मात्र शांत होत्या. "तुम्ही बाहेर आडव्या झाल्या होत्या ना? म्हणून ते मिटलंय. जरा जिना चढून-उतरून या. दमेपर्यंत."

आत्या आणि मी जिना चढलो-उतरलो. खाली येताना ती मध्येच कठड्याला धरून थांबली आणि म्हणाली, "आला." मी तिला तशीच ताठ, आत घेऊन गेले. खुर्चीत बसवून डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण लावली.

"डावी नाकपुडी बोटानं दाबा. तोंड मिटा. आता उजव्या नाकपुडीनं जोरात श्वास घ्या."

टीव्हीवरचा पडदा आत गेला. आत्यानं श्वास सोडला, पडदा बाहेर फुगला. पुन्हा घेतला, पुन्हा आत. झोपलेल्या बाळाची टाळू जशी हलते, तसा तो हलत होता.  आत्या टीव्हीकडं बघत होती आणि मुद्दाम श्वास घेत होती, सोडत होती. आपल्या मर्जीनं तो हलतोय याची ती खात्री करून घेत होती.

"हे माझ्या कानात हाय?"

"तुमच्याच कानात. आत्ता."

मग डॉक्टरांनी कपाटातून एक रबरी नळी काढली. साधी, हातभर लांब, दोन्ही टोकांना कानात बसतील अशी बोंडं. एक टोक आत्याच्या उजव्या कानात बसवलं, दुसरं स्वतःच्या. आत्याला श्वास घ्यायला सांगितला, डोळे मिटून ऐकलं आणि मान डोलावली. "येतोय. मलाही ऐकू येतोय."

मग त्यांनी ते टोक पुसून मामांच्या पुढं धरलं. "बाबा, तुम्ही ऐका."

धुळाजीमामा मितभाषी माणूस. आत्याचा संसार तिच्या बोलण्यावर आणि त्यांच्या न बोलण्यावर चाललेला. त्यांनी पागोटं वर सरकवलं, बोंड कानात घातलं आणि खाली बघत उभे राहिले. आत्यानं श्वास घेतला. मामांच्या कपाळाच्या आठ्या एकदम सुटल्या. ते हलले नाहीत. आत्या श्वास घेत राहिली आणि ते ऐकत राहिले.

"बराबर हाय," ते शेवटी म्हणाले.  "आगं, वारं हाय तिथं. म्या ऐकलं. तू खोटं न्हाई बोलली."

"मी कवा म्हनले खोटं बोलते म्हनून?" आत्या म्हणाली. पण तिनं डोळे पुसले.

मीही ऐकलं. आजवर आयुष्यात मी पुष्कळ आवाज ऐकलेत, पण तसा नाही. दुसऱ्या माणसाचा श्वास, त्याच्या नाकातून नाही, कानातून. दूर कुठंतरी मोठं झाड हलत असावं, तसा.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. नाकाच्या मागं, घशाच्या वरच्या बाजूला, दोन्हीकडं एकेक बारीक नळी असते. दीड इंचाची असेल. ती तिथून वर चढून कानाच्या पडद्यामागं जाते. पडद्यामागं एक चिमुकली खोली असते, तिला हवा या नळीनंच मिळते. बाहेरची हवा आणि आतली हवा सारखी असली तरच पडदा नीट हलतो आणि आपल्याला नीट ऐकू येतं.

मामा वाकून चित्र बघत होते. बिरोबाच्या जत्रेत ढोल त्यांच्या गळ्यात असतो. ते म्हणाले, "ढोलाच्या लाकडी खोडाला भोक ठिवत्यात, तसं."

"अगदी तसं," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त हे भोक कायम उघडं नसतं. ते मिटलेलं असतं. आपण गिळतो, जांभई देतो, तेव्हा क्षणभर उघडतं आणि लगेच मिटतं. पापणी लवते तसं. दिवसातून शेकडो वेळा, आपल्याला पत्ता नसतो. आता तुम्ही सगळे एकदा गिळा. लक्ष देऊन."

आम्ही गिळलं. कानात अगदी बारीक, टिच असं काहीतरी झालं. मी पुन्हा गिळलं. पुन्हा झालं. जन्मल्यापासून ते होत असणार, आणि मला ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. मामा गिळून कानाला हात लावत होते. दाराशी उभी असलेली नर्सही गिळत होती. त्या छोट्या खोलीत काही वेळ सगळी माणसं नुसती गिळत आणि ऐकत उभी होती, आणि कुणालाही त्याचं हसू आलं नाही.

"सर्दी झाली की बहुतेकांची नळी सुजून बंद राहते," डॉक्टर पुढं म्हणाल्या. "कान दडतो, आत पाणी साचतं. तो त्रास रोजचा. तुमचं उलटं झालंय, मावशी. तुमची नळी मिटतच नाही. नळीच्या तोंडाशी चरबीची मऊ गादी असते, तिच्या दाबानं ते मिटून राहतं. तापात तुमचं अंग वाळलं, तशी ती गादीपण वाळली. दार उघडंच राहिलं. म्हणून तुमचा श्वास आणि तुमचा आवाज मागच्या वाटेनं थेट पडद्यावर जातो. नाकातून येणारी अक्षरं, 'म' आणि 'न', सगळ्यात जास्त. डोकं खाली केलं की तिथल्या शिरांत रक्त भरतं, जागा फुगते आणि दार मिटतं. ते थेंब नाक सुकवायचे होते, त्यांनी दार आणखी उघडलं. जाफराबादच्या डॉक्टरांना दोष देऊ नका. तुम्ही तिथं आडव्या होतात, तेव्हा त्यांना ते दिसणारच नव्हतं."

 आत्यानं चित्रातल्या नळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "एवढुशी जागा. आन तिच्यापायी मी येडी व्हायला निघाल्ते."

डॉक्टरांनी ऐकू येण्याची चाचणी घेतली, ती चांगली आली. एका यंत्राचं बोंड कानात बसवून श्वास घ्यायला लावला, तर कागदी पट्टीवरची रेघ श्वासाबरोबर लाटेसारखी वरखाली झाली. ती पट्टी त्यांनी केसपेपरला टाचली. थेंब आणि गोळ्या बंद करायला सांगितल्या. पाणी भरपूर प्यायचं, नाकात साधे मिठाच्या पाण्याचे थेंब घालायचे, चहा कमी. खाऊन अंग भरून काढायचं. आवाज आला की खाली वाकायचं, पण सारखं नाक वर ओढून तो बंद करायचा नाही, त्यानं पडद्याला इजा होते. "वजन वाढलं की बहुतेक कमी होईल. पूर्ण जाईल असं वचन देत नाही. नाहीच गेलं तर पुढं उपाय आहेत, तेव्हा बघू. पण हे वेड नाही, आणि यानं जिवाला काही होत नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा."

त्या संध्याकाळी आमच्या घरी आत्यानं जेवताना मध्येच हात थांबवला आणि विचारलं, "रेणुके, मंग बिरोबाच्या पायाशी कानातलं थांबायचं, ते काय? ते बी रगतच का?"

 उत्तर मामांनी दिलं. ते भाकरी मोडत म्हणाले, "वाकायला कोनी लावलं तुला? दार ठेंगनं कोनी केलं?"

 त्यावर विचार करत आत्यानं घास घेतला. आणि मला दिसलं की गिळताना तिनं क्षणभर लक्ष कानाकडं लावलं होतं.

बरं व्हायला वेळ लागला. शीतलनं सासूला बाळंतिणीच्या बरोबरीनं खाऊ घातलं. डिंकाचे लाडू दोघींनी वाटून खाल्ले, शेळीचं दूध दोघींनी प्यायलं. मधल्या काळात वाईट दिवसही आले. उन्हं तापायला लागल्यावर एकदा आत्या पाणी न घेता रानात गेली आणि तो श्वास असा परतला की ती बांधावर वाकून बसून राहिली. पण आता ती भ्यायली नाही. घरी येऊन सरळ सांगितलं, "आज दार उघडं ऱ्हायलं व्हतं," आणि दोन तांबे पाणी पिऊन आडवी झाली. चांगुणाबाईला तिनं स्वतः जाऊन सांगितलं की मौन-बिन काही नव्हतं. चांगुणाबाईनं ते मान्य केलं नाही. तिचं म्हणणं, देवानंच नळी उघडली असेल. आत्यानं वाद घातला नाही.

आषाढापर्यंत तिचं अंग बऱ्यापैकी भरलं आणि श्वास येणं दुर्मिळ झालं. उपवास केला, उन्हात फिरली, तर अजूनही कधी येतो. छकुलीचं बारसं गेलं ते गेलं, त्याची हळहळ आत्याला आहेच. शीतलला मात्र ती नाही. ती म्हणते, माझ्या पोरीला तिच्या आजीनं रोज मोरीत ओणवं होऊन जे सांगितलं, तेवढं कुठल्या पाळण्यात बसलं असतं?

एकदा सकाळी आत्याचा फोन आला. म्हणाली, "त्या बाईंना इचार, ही नळी मानसालाच असती का जनावराला बी?" मी डॉक्टरांना आत्याची तब्येत कळवायला गेले तेव्हा विचारलं. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, दूध पाजणाऱ्या सगळ्या प्राण्यांना असते. मी फोन करून तसं सांगितलं. "म्हंजी मेंढराला बी," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. 

मागच्या महिन्यात मी गावी गेले होते. मेंढ्या व्यायल्या होत्या. सकाळी आत्या घरात दिसली नाही म्हणून मी मेंढवाड्याकडं गेले. ती उकिडवी बसली होती. समोर एक कोकरू आईच्या कासेला ढुशा देत होतं, शेपूट थरथरत होतं, गळ्याखालची कातडी दर घोटाला वरखाली होत होती. माझ्या पावलांचा आवाज ऐकून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"बघ," ती कुजबुजली. "गिळून राह्यलं. घोट गेला की उघडलं. आन मिटलं. पुन्हा उघडलं."

मी तिच्या शेजारी बसले. पलीकडं दुसरं कोकरू पीत होतं, त्याच्या पलीकडं तिसरं. आत्या एकाकडून दुसऱ्याकडं बघत होती.

"कोनी शिकवलं न्हाई याला," ती म्हणाली. "काल जन्मलंय."